ग्राफीन पाण्यात टिकवायचं असेल तर

ग्राफीनची काळी पूड पाण्यात टाकली, अर्धा तास सोनिकेटरमध्ये ठेवली, द्रव काळाभोर झाला. दुसऱ्या दिवशी बघावं तर कुपीच्या तळाशी गाळ आणि वर जवळजवळ नितळ पाणी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ग्राफीन निवडणाऱ्या बहुतेकांना हे बघावं लागतं. मग आणखी सोनिकेशन, आणखी साबण, आणखी एखादं रसायन असा क्रम सुरू होतो आणि सत्र संपून जातं.

हा लेख भोकरदन तालुक्यातल्या धावडा, वालसावंगी, पिंपळगाव रेणुकाई या पट्ट्यातून भोकरदन, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरला विज्ञान शिकायला जाणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्याकडून प्रकल्प करून घेणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. त्यात सांगायची मुख्य गोष्ट एकच. कोणतं रसायन वापरायचं हा प्रश्न नंतरचा. हे डिस्पर्शन, म्हणजे द्रवात विखुरलेलं ग्राफीन, शेवटी कशात जाणार आहे, हे आधी ठरवा. विजेची शाई करायची आहे, इपॉक्सीचा लेप द्यायचा आहे, सिमेंटमध्ये मिसळायचं आहे की पाणी गाळायची चाळणी करायची आहे? ते ठरलं की त्या कामापुरता, कमीत कमी रासायनिक बदल करा. ग्राफीनवर जोडलेल्या प्रत्येक गटाची किंमत ग्राफीनच्या गुणांतून मोजावी लागते.

पापुद्रे परत का चिकटतात

ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या एकअणू जाडीच्या पापुद्र्यांची चळत. दोन पापुद्र्यांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर. एक ग्रॅम ग्राफीनचे सगळे पापुद्रे पूर्ण सुटे केले, तर दोन्ही बाजू धरून त्यांचं क्षेत्रफळ २,६३० चौरस मीटर भरतं, म्हणजे साधारण २६ गुंठे. एवढा मोठा पृष्ठभाग आणि त्याला पाण्याचं वावडं. शेजारच्या पापुद्र्यातल्या अणूंची एकमेकांवरची ओढ अणूगणिक क्षीण असते, पण सगळ्या पृष्ठभागावरची ती ओढ एकत्र झाली की पापुद्रे एकमेकांना सोडत नाहीत. सोनिकेटर त्यांना वेगळं करतो, पण वेगळं ठेवणं त्याच्या हातात नाही. यंत्र बंद झालं की ते पुन्हा जवळ येऊ लागतात.

पाण्यात त्यांना दूर ठेवायचे मार्ग दोनच. एक म्हणजे पृष्ठभागावर सारख्या चिन्हाचा विद्युतभार आणायचा, म्हणजे ते एकमेकांना लोटतील. दुसरा म्हणजे लांब साखळ्यांचे रेणू पृष्ठभागावर बसवायचे, म्हणजे दोन पापुद्र्यांना जवळ यायला जागाच उरणार नाही. रासायनिक बदलाच्या नावाखाली जे जे केलं जातं, ते या दोहोंपैकी एका कामासाठी किंवा दोन्हींसाठी असतं.

किंमत कुठे पडते तेही बघा. ग्राफीनमधून वीज सहज वाहते, कारण त्याच्या जाळीतला प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांना बांधलेला असतो आणि चौथा इलेक्ट्रॉन सगळ्या पापुद्र्यावर मोकळा हिंडतो. एखाद्या कार्बनला ऑक्सिजन किंवा दुसरा गट जोडला की तो इलेक्ट्रॉन अडकतो. म्हणून भरपूर ऑक्सिजन असलेलं ग्राफीन ऑक्साइड पाण्यात उत्तम राहतं, पण त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. ‘डिस्पर्शन महिनाभर टिकलं’ असं अभिमानाने लिहिलेल्या प्रकल्पात सुवाहक शाई करायची असेल, तर त्या टिकण्याला फारसा अर्थ उरत नाही.

बाटलीवरचं लेबल

‘ग्राफीन’ नावाने मिळणारी पूड नेमकी काय आहे, हे पुरवठादाराच्या विश्लेषणपत्रात बघा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ३ ते १० थरांपर्यंतच्या पदार्थाला ‘थोड्या थरांचं ग्राफीन’ म्हणता येतं. त्याहून जाड असेल तर ते बारीक ग्राफाइटच, आणि कितीही रसायनं लावली तरी ते वजनानेच खाली बसेल. थरांची संख्या, पापुद्र्यांची लांबी-रुंदी आणि ऑक्सिजनचं प्रमाण हे तीन आकडे नसतील तर ती पूड घेऊ नका. पूड, ग्राफीन ऑक्साइड आणि क्षपण केलेलं ग्राफीन ऑक्साइड हे तीन वेगळे पदार्थ आहेत. एकासाठी छापलेली कृती दुसऱ्याला लागू पडत नाही.

ऑक्साइडचा मार्ग

पाण्यात काम करायचं असेल तर ग्राफीन ऑक्साइडपासून सुरुवात करणं सगळ्यात शहाणपणाचं. ग्राफाइटचं ऑक्सिडीकरण ब्रोडी यांनी १८५९ मध्येच केलं होतं. आज बहुतेक प्रयोगशाळांत चालते ती हमर्स आणि ऑफमन यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेली रीत, किंवा तिचे सुधारित प्रकार. संहत सल्फ्युरिक आम्लात पोटॅशियम परमँगनेट घालून ग्राफाइटचे थर फुलवले जातात. पापुद्र्याच्या मैदानावर हायड्रॉक्सिल आणि इपॉक्साइड गट बसतात, कडांवर कार्बोक्सिल. पाण्यात कार्बोक्सिल गट हायड्रोजन आयन सोडतात, पापुद्र्यावर ऋणभार येतो आणि तोच सगळं डिस्पर्शन तोलून धरतो.

माझा सल्ला असा की, लहान महाविद्यालयात ही अभिक्रिया करू नये. पाण्यातलं लगदा-स्वरूपातलं ग्राफीन ऑक्साइड विकत मिळतं, ते घ्यावं. परमँगनेट आणि संहत सल्फ्युरिक आम्ल एकत्र आले की मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होतं. ते ५५ अंश सेल्सियसच्या वर, किंवा सेंद्रिय पदार्थाचा स्पर्श होताच, स्फोट पावू शकतं. मूळ रीतीतल्या सोडियम नायट्रेटमुळे विषारी तपकिरी वायूही निघतात. राइस विद्यापीठातल्या जेम्स टूर यांच्या गटाने २०१० मध्ये नायट्रेट वगळून सल्फ्युरिक आणि फॉस्फोरिक आम्लाचं ९:१ मिश्रण वापरलं, त्याने वायूंचा त्रास गेला. परमँगनेटचा धोका मात्र तिथेही आहेच. करायचीच झाली तर चालू धूर-कपाटात, बर्फात, परमँगनेट चिमटीचिमटीने घालत आणि शिक्षक समोर उभे असतानाच करा. अॅसिटोन, अल्कोहोल असे द्रव त्या ओट्यावरसुद्धा नकोत.

विकत घेतलेलं असो की घरचं, ते नीट धुतलेलं असणं फार महत्त्वाचं आहे. आधी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवून धातूंचे आयन काढायचे, मग शुद्ध पाण्याने आम्ल काढायचं. आम्ल आणि क्षार कमी होत गेले की लगदा फुगून जेलीसारखा होतो आणि सेंट्रिफ्यूजमध्ये पटकन खाली बसेनासा होतो. विद्यार्थी इथे वैतागून धुणं थांबवतात. खरं तर हीच चांगली खूण आहे, कारण भार जागा होऊ लागल्यानेच पापुद्रे सुटे होत असतात. पुढचं धुणं डायलिसिसच्या पिशवीत करा. वेळ लागतो, पण हात गुंतून राहत नाहीत.

ग्राफीन ऑक्साइड भट्टीत वाळवू नका. तापवल्यावर त्याच्यातून वायू झपाट्याने निघतात आणि पोटॅशियमचे क्षार उरले असतील तर ते सहज पेटतं. शक्यतो ओलंच ठेवा, पाण्यात, काळोखात.

पाणी

आता या लेखातला आणखी एक मोठा मुद्दा. मराठवाड्यातल्या कितीतरी प्रयोगांचं डिस्पर्शन चुकीच्या रसायनाने नाही, पाण्याने बिघडतं.

धावड्याच्या आसपास मिरची पिकवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. बोअरच्या जड पाण्यात औषध घातलं की कधी कधी मिश्रण फाटतं आणि पंपाच्या तळाशी साका बसतो. ग्राफीन ऑक्साइडचं अगदी तसंच होतं आणि कारणही त्याच घराण्यातलं आहे. बेसॉल्ट खडकातून आलेल्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतात. त्यांच्या आयनांवर दोन धनभार असतात. ते पापुद्र्यांवरचा ऋणभार झाकून टाकतात, शिवाय दोन पापुद्र्यांच्या कार्बोक्सिल गटांमध्ये पूल बांधतात.

हिशोब करून बघा. प्रसिद्ध प्रयोगांनुसार ग्राफीन ऑक्साइडला खाली बसवायला कॅल्शियमचं प्रमाण लिटरला साधारण १ ते ३ मिलिमोल पुरतं. साध्या मिठाला त्याच कामासाठी ४० मिलिमोलहून जास्त लागतं, काही प्रयोगांत तर शंभराच्याही वर. पाण्याचा जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने मोजतात आणि तिथे लिटरला १०० मिलिग्रॅम म्हणजे १ मिलिमोल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे पिण्यासाठी चांगल्या ठरलेल्या पाण्यातही २ मिलिमोल असू शकतात. प्यायला ते उत्तम, ग्राफीन ऑक्साइडला घातक. दोन भारांच्या आयनाचा परिणाम एका भाराच्या आयनाहून इतका पटींनी जास्त का, हे शुल्झ-हार्डी नियमातून कळतं. त्या नियमाच्या गणिताने हा फरक ६४ पटींपर्यंत जातो.

म्हणून नळाचं, बोअरचं किंवा घरगुती फिल्टरचं पाणी वापरू नका. ऊर्ध्वपातित पाणी घ्या, जमलं तर विआयनित. काचेची भांडी नळाखाली धुतली असतील तर शेवटचे दोन-तीन हात शुद्ध पाण्याचे फिरवा. ऊर्ध्वपातन यंत्रात चुन्याचा थर जमला असेल आणि उकळीचे शिंतोडे पुढे जात असतील, तर ते पाणीही भरवशाचं नाही. पाण्याची विद्युतवाहकता मोजा. तो मीटर स्वस्त असतो आणि माती परीक्षण केंद्रातही सापडतो. सामू मोजणारा मीटरही लागेलच. सामू ३ च्या खाली गेला की कार्बोक्सिल गटांचा भार विझतो आणि पापुद्रे एकत्र येऊ लागतात. तो ७ ते १० च्या दरम्यान ठेवला तर ऋणभार पुरेसा राहतो. मात्र सामू वाढवायला भसाभस कॉस्टिक सोडा ओतला तर सोडियमचे आयन वाढतात आणि पुन्हा तोच घोळ. अमोनियाचे काही थेंब बरे.

वीज परत आणताना

ऑक्साइडचं क्षपण करून वाहकता काही अंशी परत आणता येते. इथेच बहुतेकांचं डिस्पर्शन कोसळतं, कारण ऑक्सिजन गेला की पाण्याशी असलेलं नातंही जातं. यावरचं सुंदर उत्तर २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठातून डॅन ली, गॉर्डन वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. आधी अमोनियाने सामू १० च्या आसपास न्यायचा, क्षार धुवून काढलेले असावेत, आणि द्रावण पातळ, म्हणजे मिलिलिटरला अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी ठेवायचं. मग क्षपण करायचं. मैदानावरचे बरेच गट जातात, पण कडांवरचे कार्बोक्सिल राहतात आणि अल्कधर्मी पाण्यात त्यांचा भार पापुद्र्यांना सुटं ठेवतो. साबण नाही, बहुवारिक नाही. मला या कामाचं फार मोल वाटतं, कारण त्यांनी नवीन काही जोडलं नाही, जे होतं तेच जपलं.

त्यांनी हायड्रॅझिन वापरलं होतं. ते विषारी आहे, विद्यार्थ्यांच्या हातात देऊ नये. त्याऐवजी जीवनसत्त्व क, म्हणजे अॅस्कॉर्बिक आम्ल घ्या. २०१० मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी ते हायड्रॅझिनच्या जवळपास तोडीचं काम करतं असं दाखवलं. ते स्वतः आम्ल असल्याने सामू खाली ओढतं. घातल्यावर सामू पुन्हा मोजा आणि अमोनियाने सावरा. द्रव तपकिरी-पिवळसर असतो तो ९५ अंशांजवळ तापवल्यावर काळा होतो. काळा होतानाच गुठळ्या दिसल्या तर तीनपैकी एक चूक आहे: सामू कमी, द्रावण घट्ट किंवा धुणं अपुरं. क्षपण झालेला माल पूर्ण वाळवलात तर पापुद्रे एकमेकांवर बसतात, आणि मग कोणताही सोनिकेटर त्यांना पहिल्यासारखं सोडवू शकत नाही.

पाण्याबाहेरची माध्यमं

इपॉक्सीत घालायचं असेल तर ऋणभार कामाचा नाही. तिथे अमाइन गट जोडलेलं ग्राफीन ऑक्साइड घ्या किंवा अमिनोसिलेनने हायड्रॉक्सिल गटांवर बदल करा. अमाइन इपॉक्सीशीच बंध जोडतं, त्यामुळे पापुद्रा राळेचाच भाग होतो. टोल्यूइनसारख्या अध्रुवीय द्रवासाठी ऑक्टाडेसिलअमाइनची १८ कार्बनांची साखळी जोडतात. आम्लधर्मी पाण्यातही टिकायला हवं असेल तर सल्फॉनिक गट बरा, कारण तो कमी सामूलाही भार सोडत नाही. पण त्यासाठी डायझोनियम क्षार लागतात, आणि ते सुके झाले की स्फोटक असतात. हे काम अनुभवी मार्गदर्शकाशिवाय नको.

एन-मिथाइल पायरोलिडोनमध्ये शुद्ध ग्राफीन बदलाशिवायही काही काळ टिकतं, कारण त्या द्रवाचा पृष्ठताण ग्राफीनला जुळतो. पण ते प्रजननाला घातक मानलं जातं, आणि २०२ अंशांना उकळत असल्याने लेपातून पूर्ण जातही नाही.

डिंक

बंध न तोडता, फक्त पृष्ठभागावर रेणू बसवूनही काम होतं. कार्बन पाण्यात टिकवण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. पोथ्यांची काळी शाई काजळ डिंकाच्या पाण्यात खलून करत. धावड्यापासून फार लांब नसलेल्या अजिंठ्याच्या भिंतींवरचा काळा रंगही काजळाचाच आहे. डिंकाच्या साखळ्या कार्बनच्या कणांवर बसतात आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. ग्राफाइटचे थर सोडवायला बाभळीच्या जातीचा अरबी डिंक वापरल्याचे प्रयोगही प्रसिद्ध झाले आहेत.

धावडा नावाच्या झाडाचा डिंक खाद्य उद्योगात तेल-पाणी एकत्र ठेवायला वापरतात. बाभळीचा आणि धावड्याचा डिंक शेजारी शेजारी ठेवून ग्राफीनच्या पुडीवर तुलना करणं, हा भोकरदनच्या महाविद्यालयातही होण्यासारखा, स्वस्त आणि सुरक्षित प्रकल्प आहे. एक काळजी घ्या. या डिंकांत कॅल्शियम, मॅग्नेशियम मुळातच असतं. अनऑक्सिडीकृत ग्राफीनला त्याने फारसा फरक पडणार नाही, पण ग्राफीन ऑक्साइडवर वापरायचा असेल तर डिंकाचं पाणी आधी डायलिसिस करून किंवा आयन-विनिमय राळेतून काढून घ्या.

सिमेंटचा कठीण पेपर

जालना सळयांचं गाव. त्यामुळे काँक्रीटमध्ये ग्राफीन ऑक्साइड घालायची कल्पना इथल्या मुलांना हमखास सुचते. ती चांगली आहे, पण डिस्पर्शनच्या दृष्टीने याहून अवघड जागा शोधून सापडणार नाही. ओल्या सिमेंटच्या पाण्यात भरपूर कॅल्शियम असतं आणि सामू १२ च्या वर. शुद्ध पाण्यात महिनोन्महिने टिकलेलं ग्राफीन ऑक्साइड तिथे काही मिनिटांत गुठळ्या करतं. भाराचा आधार इथे चालणार नाही, साखळ्यांचाच लागेल. बांधकामात वापरतात तो पॉलिकार्बोक्सिलेट जातीचा पाणी कमी करणारा पदार्थ आधी ग्राफीन ऑक्साइडच्या पाण्यात मिसळा, मग ते पाणी सिमेंटमध्ये घाला. क्रम उलटा झाला तर उपयोग कमी. आणि गुठळ्या होतात का, हे ठोकळे पाडण्याआधी कुपीतच बघा: सिमेंट पाण्यात ढवळून गाळलेलं नितळ पाणी घ्या आणि त्यात आपलं डिस्पर्शन टाका. या साध्या चाचणीने २८ दिवसांच्या ताकद-चाचणीआधीच बरंच कळतं.

टिकलं की नाही, हे ठरवायचं कसं

डोळ्यांना काळं दिसणं हा पुरावा नाही. ग्राफीन इतका प्रकाश शोषतं की निम्मा माल खाली बसला तरी द्रव काळाच दिसतो. थोडं द्रावण वेळोवेळी वरून काढा, ठरलेल्या पटीत पातळ करा आणि साध्या यूव्ही-व्हिजिबल यंत्रावर शोषण मोजा. ग्राफीनसाठी ६६० नॅनोमीटर, ग्राफीन ऑक्साइडसाठी २३० नॅनोमीटरजवळचं शिखर. पहिल्या दिवशीच्या शोषणाशी गुणोत्तर काढलं की उरलेलं प्रमाण थेट कळतं. क्षपण होताना ऑक्साइडचं शिखर २७० कडे सरकतं, त्यावरून अभिक्रिया कुठवर आली तेही कळतं. सेंट्रिफ्यूज असेल तर फेऱ्या, वेळ आणि रोटरची त्रिज्या लिहून ठेवा, नाहीतर तो निकाल दुसऱ्या कुणाला पडताळता येणार नाही.

पापुद्र्यांवरच्या भाराचा अंदाज देणारं झीटा पोटेन्शियल उणे ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे असेल तर भाराने टिकणारं डिस्पर्शन भरवशाचं मानतात. डिंकाने किंवा बहुवारिकाने टिकवलेल्या मालाला हा नियम लावू नका, तिथे आकडा लहान असूनही डिस्पर्शन टिकतं. आणि सोनिकेशन कमीच. बर्फात ठेवून, थांबत थांबत करा. लांबवलं की पापुद्रे तुटून लहान होतात. लहान पापुद्रे चांगले टिकतात हे खरं, पण वाहकता आणि ताकद दोन्ही जातात.

रामन, एक्स-रे किंवा झीटाचं यंत्र जवळ नाही म्हणून थांबू नका. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचं मराठवाडा संकुल २०१८ पासून जालन्यातच आहे. आयआयटी मुंबईची अत्याधुनिक विश्लेषण सुविधा बाहेरचे नमुने शुल्क घेऊन तपासते. देशभरातली शासकीय उपकरणं शोधायला केंद्र सरकारचं आय-स्टेम पोर्टल आहे. नमुना पाठवण्याआधी तो पूर्ण धुतलेला आहे ना, हे मात्र बघा. क्षार उरलेल्या नमुन्यावर शुल्क भरणं वाया जातं.

शिक्षकांना एक विनंती आहे. प्रकल्पवहीच्या पहिल्या पानावर विद्यार्थ्याकडून चार गोष्टी लिहून घ्या: डिस्पर्शन कशात जाणार आहे, पुडीचे थर आणि ऑक्सिजन किती, वापरलेल्या पाण्याची वाहकता किती, आणि सामू किती. हे चार रकाने भरल्याशिवाय सोनिकेटर सुरू करू देऊ नका.